हरबन्सचाचीचा फोन

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. अप्पा शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून पडून असायचे, त्यांनाही नाही. हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा ही गोष्ट सोडून द्यायची असंच मनात होतं. कोण विचारणार आहे? पण ती सोडली तर आमच्या घराबद्दल जे चांगलं लिहीत आलोय ते सगळं अर्धंच राहतं. घर खरंच चांगलं होतं. त्या घरानं युद्धातून पळून आलेल्या एका बाईला आणि तिच्या मुलीला ठेवून घेतलं, आणि त्याच घरात राहून मी, सोळा वर्षांच्या धडधाकट पोरानं, त्या बाईचा नवरा तिच्यापासून नऊ वर्षं लांब पाठवला. एका फोनवर, तीन-चार वाक्यांत.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. अप्पांचं दुकान रस्त्यावर; नारळ, साखर, तूप, डाळी, प्रसादाचं सामान. आम्ही मूळचे देगलूरकडचे लिंगायत, त्यामुळं घरात आईला अव्वा आणि वडिलांना अप्पा. अव्वा चिडली की कानडीत शिरायची, आणि मग ती काय बोलतेय ते कळण्यापेक्षा न कळलेलं बरं असायचं. पहाटे तिची इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय चूल पेटत नसे. आठला भाकरी थापल्याचा आवाज, दहाला अंबाडी नाहीतर वरण, डब्यात शेंगाच्या पोळ्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, बैठकीतल्या कोनाड्यात, लाकडी पेटीत बसवलेला काळा फोन. गल्लीत तो एकच. डायलला बारीकसं कुलूप, किल्ली अप्पांच्या करदोड्याला. बाहेर फोन लावायचा तर अप्पांना विचारायचं, पण आलेला कुणीही उचलायचा. गल्लीतल्या अकरा घरांनी आमचा नंबर आपापल्या पाहुण्यारावळ्यांना देऊन ठेवला होता, नंबरापुढं ‘पीपी’ लिहून. म्हणजे फोन आमच्याकडं, माणूस शेजारी. लग्नपत्रिकांवर आमचा नंबर छापून यायचा आणि नवरदेवाला आम्ही ओळखतही नसायचो. आजच्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना गंमत वाटते. आम्हाला ती रीत होती. रिंग वाजली की उचलायचं, कोण पाहिजे ते विचारायचं, ‘पाच मिनिटांनी लावा’ म्हणायचं आणि पळत जाऊन माणूस आणायचं. अप्पांचा नियम एकच. “जेवत असशील तर हात तसाच ठेवून ऊठ. त्या माणसाचं बारसं हाय का मयत हाय, ते आपल्याला म्हाईत न्हाई.”

हरबन्सचाची आमच्याकडं आली तेव्हा मी घरी नव्हतो. दहावीला मार्क बरे पडले म्हणून जूनमध्ये माझी रवानगी लातूरला झाली होती, महादेवमामाकडं. लातूरला शिकलं की पोरगा डॉक्टर होतो असं तेव्हा आमच्याकडं धरूनच चालायचे. दिवाळीला परत आलो तर अंगणापलीकडची माझी खोली भरलेली. टेबल बाहेर, त्यावर तुरीचं पोतं. दारात एक उंच बाई, डोक्यावर पांढरी ओढणी, आणि तिच्यामागं तेराएक वर्षांची, भुवया जुळलेली मुलगी, गुरमीत. जलालाबादचे शीख. तिकडं एकमेकांशीच लढाई पेटली होती, बाजारात तोफगोळे पडत होते. बायकामुलांना आधी बाहेर काढायचं आणि मागून दुकान विकून तिच्या नवऱ्यानं, प्रीतमसिंगांनी, यायचं असं ठरलं होतं. दिल्लीतल्या नातेवाइकांकडं आधीच चार कुटुंबं. म्हणून ती गुरूंच्या पायाशी म्हणून नांदेडला आली, यात्रेकरूंच्या खोलीत राहायचे दिवस संपले, आणि अप्पांच्या दुकानात तूप घेताना तिनं विचारलं, भाईसाब, कहीं एक कमरा मिलेगा?

पुढचं मला अव्वानं सांगितलं. अव्वाची एकच शंका होती.

“मटण शिजवता का?”

“नहीं शिजवूंगी, बहेनजी,” चाचीनं ‘शिजवणे’ तिथल्या तिथं उचललं होतं.

“अंडं?”

“वो भी नहीं.”

“मग राहा की. पोरगी लई वाळलीय, आधी जेवू घाला तिला.”

आणि अप्पा त्यांच्या नांदेडी हिंदीत म्हणाले, “फिकर नक्को करो, बाई. घर अपनाच हय.” चाचीला ते ‘नक्को’ इतकं आवडलं की पुढं कित्येक वर्षं ती त्याचा वापर हत्यारासारखा करायची. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, मला. “बस्सू, झूठ नक्को बोलो.” ती हे हसत म्हणायची.

खरं सांगतो, त्या दिवाळीत मला त्यांचा राग आला होता. लातूरला माझं काही धड चाललं नव्हतं. पहाटे साडेपाचला क्लास, गल्लीभर सायकलींच्या घंट्या, भौतिकशास्त्रात पन्नासपैकी नऊ. मामा रोज जेवताना शेजारच्या पोराचे मार्क सांगायचा. घरी येऊन माझ्या खोलीत दार लावून पडावं एवढंच मला पाहिजे होतं, आणि त्या खोलीत आता दुसरंच कुणी दुःखी होतं. त्यांचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे हे कळत होतं, म्हणून तर राग जास्त.

पण घर त्यांच्याभोवती कसं सरकत गेलं ते बघण्यासारखं होतं. कुंभारवाड्यातून माती आणून चाचीनं अंगणात तंदूर घातला. कणकेची लाटी पाण्याच्या हातानं आत थापटली की चर्र आवाज यायचा, आणि अव्वा भाकरी थापता थापता मान वळवून बघायची, जसा एखादा गवई दुसऱ्याचा षड्ज ऐकतो. बटाटा आणि कांद्याची पात भरलेली ‘बोलानी’ गल्लीत इतकी खपली की अप्पांनी दुकानापुढं एक फळी टाकून दिली. शेजारचे वाघमारे गुरुजी झेडपीच्या शाळेत होते; गुरमीतला दाखला नाही म्हणून एका शाळेनं परत पाठवलं तेव्हा ते स्वतः तिला घेऊन गेले. “आमचा बाप वर्गाच्या भाईर बसून शिकला,” त्यांनी हेडमास्तरला सांगितलं म्हणे, “ही आत बसंल. कागद मागून येतील.” दर काही महिन्यांनी पोलिसात जाऊन राहण्याचा कागद वाढवून आणावा लागे. अप्पा धोतर-टोपीत सोबत जायचे. तिथल्या कारकुनानं एकदा विचारलं, “अप्पा, ह्या कोण लागतात तुमच्या?”

“पाहुण्या.”

“किती दिवसाच्या?”

“पाहुण्याला कुणी दिवस इचारतं का?”

एवढं झालं तरी चाचीचा जीव फोनपाशी. पेशावरला प्रीतमसिंगांचे मेहुणे होते, त्यांच्या पत्त्यावर तिनं आमचा नंबर पाठवला होता, मोठ्या अक्षरांत, पुढं पीपी. कुठलीही रिंग वाजली की अंगणातला तिचा हात थांबायचा. अव्वा आतून ओरडायची, “न्हाई ओ, जोश्यांचा हाय,” आणि हात पुन्हा चालू व्हायचा.

वेळ अमावस्येला लातूर रिकामं होतं, सगळे शेतात. मामाच्या शेतावर भज्जी आणि आंबिलाचं जेवण झालं, आणि मी मामाला म्हणालो, दोन दिवस घरी जाऊन येतो. एसटीत बसतानाच ठरलं होतं की परत यायचं नाही. कसं, ते ठरलं नव्हतं. घरी सांगितलं, संक्रांतीपर्यंत सुट्टी आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी मामाचा फोन. नशिबानं मीच उचलला. ताप आहे म्हणालो. मामा म्हणाला, “परीक्षा हाय की रं सोमवारी. थांब, उद्या अप्पाशी बोलतो.” मामाचा फोन त्याच्या आडतीवर होता, आणि आडत सातला बंद व्हायची. सकाळी तो सौद्यात अडकलेला असायचा, म्हणजे दुपार ते सात एवढाच धोका. अप्पा तर नवाला घरी यायचे, पण जेवायला दुपारीही येत. मी आगपेटीतली एक काडी घेतली आणि रिसीव्हर जिथं टेकतो त्या खटक्याखाली सरकवली. बघणाऱ्याला फोन जागेवर दिसतो, पण लाइन लागलेलीच राहते. फोन करणाऱ्याला एंगेज. सातला काडी काढायची. सलग तीन दिवस हे केलं. त्या तीन दिवसांत गल्लीत कुणाचे कोणते फोन चुकले असतील, मला ठाऊक नाही. तेव्हा त्याचा विचारही आला नाही.

चौथ्या दिवशी अव्वानं कोनाडा पुसला. काडी खाली पडली असणार. मी ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो आणि दुपारी अडीचच्या सुमाराला रिंग वाजली, लांबलचक, परगावची. अव्वा आत कलंडली होती. ती उठायच्या आत मी झेप घातली. मामाच असणार, थोडं रडून दाखवायचं ठरवून मी रिसीव्हर कानाला लावला.

खरखर, आणि लांबून एका पुरुषाचा आवाज. “हरबन्स कौर को बुला दो बेटा. प्रीतम सिंग बोल रहा हूँ, पेशावर से.”

चाची अंगणात होती. माझ्यापासून पंधरा पावलांवर, तंदूरला पडलेल्या भेगा लिंपत, पाठमोरी. मी तोंड उघडलंही होतं.

“तीन दिन से मिला रहा हूँ,” तो म्हणाला. “रोज दोपहर को आके बैठता हूँ. रोज बिझी. इधर के लोग कल सुबह निकल रहे हैं, रूस की तरफ से यूरोप. मुझे भी बोल रहे हैं. वो उधर है तो मैं नहीं जाऊँगा, मैं हिंदुस्तान का कागज बनवाऊँगा. बस एक बार उसकी आवाज सुना दो.”

त्यातलं यूरोप, कागद, काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. शिरलं ते एवढंच: तीन दिवस, रोज, बिझी. चाची फोनवर आली की हा हेच पहिलं सांगणार. ती अव्वाला सांगणार, अव्वा अप्पांना. अप्पा विचारणार, तीन दिवस आपला फोन कसा काय लागून राहिला, दुपारी घरात कोण होतं? आणि मग लातूर, मामा, नऊ मार्क, सगळी वीण एका दोऱ्यावर उसवत जाणार. माझा जीव त्या क्षणी त्या काडीएवढा होता.

मी आवाज दाबून म्हणालो, “वो लोग यहाँ से चले गए.”

“कब?”

“हो गए पाँच-छे दिन.”

“किधर गए?”

“मालूम नहीं.”

मग तो म्हणाला, “अच्छा. इतने दिन आप लोगों ने रखा, बेटा. रब भला करे आपका.” आणि फोन ठेवला.

अंगणातून चाचीनं विचारलं, “किसका था, बस्सू?” मी म्हणालो, जोश्यांचा, परत करतो म्हणाले. तिचा हात पुन्हा लिंपायला लागला.

त्यानं पुन्हा फोन करावा म्हणून मी काय नाही केलं. उद्या करेल, परवा करेल. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनजवळ चटई टाकून बसलो. उचलणारा मीच पाहिजे, आणि या वेळी धावत जाऊन चाचीला आणायचं, मग माझं काय व्हायचं ते होवो. सोळाव्या वर्षी माणूस असा दिवसा-दिवसाला शूर होत जातो, वेळ टळून गेल्यावर. फोन आला नाही.

मामाचा फोन आला की मीच उचलून ताप सांगत होतो; आठवड्यानं तो स्वतःच एसटीनं दत्त म्हणून उभा राहिला. सगळं बाहेर आलं, काडी सोडून. अप्पा हात उचलत नसत, ते बोलणं बंद करत, आणि ते वाईट असे. शेवटी एवढंच म्हणाले, “उद्याच्या गाडीनं परत.” मी अंगणात भिंतीला लागून उभा होतो. तेव्हा हरबन्सचाची, जी आमच्या घरच्या भांडणात कधी पडायची नाही, पिठाचे हात तसेच घेऊन मध्ये आली. तिचं मराठी तोवर अर्धंमुर्धं झालं होतं.

“भाईसाब, एक बात बोलूँ? जो पळून आला ना, त्याला पहिलं पाणी द्यायचं. मग बसवायचं. मग विचारायचं पीछे क्या था. हमको आपने ऐसाच केला. हा तर तुमचाच पोरगा.”

अप्पा ओसरीच्या कडेला बसले. मग अव्वाला म्हणाले, “पाणी दे त्याला.”

मी लातूरला परत गेलो नाही. नांदेडातच, कला शाखेला. वाघमारे गुरुजींनी मराठी आणि इतिहास करून घेतला, पुढं मास्तर झालो, मुखेडला बावीस वर्षं काढली, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं आहेत. एखादं पोर वर्ग सोडून पळालं की मी त्याला आधी पाणी देतो. माझे सहकारी याला माझी पद्धत म्हणतात. आज माझ्या वरच्या मजल्यावर सुदानचा एक विद्यार्थी राहतो. इथं शिकत असताना तिकडं लढाई पेटली, बायको आणि लहान मूल कसंबसं इकडं आलं, आणि आता परत जायला घर नाही. त्यांच्या कागदांसाठी मी ऑफिसात त्यांच्यासोबत जातो. लोक म्हणतात, सर, तुमच्या वडिलांवर गेलात. मी विषय बदलतो.

मी चटई टाकून फोनजवळ बसायचो, ते मात्र थांबलं नाही. दोन वर्षं माझा अभ्यास त्या कोनाड्याखालीच झाला. अव्वा जेवायला हाक मारायची तर मी ताट तिथंच मागायचो. चाचीनं ते पाहिलं आणि तिला वाटलं ते तिला वाटलं. ती गल्लीत सांगायची, “हमारा बस्सू मेरे लिए फोन के पास बैठता है.” सणाला पहिली बोलानी माझी. मला ताप आला की तिच्या हिरव्या, वेलदोड्याच्या चहाचा पेला. मी तो प्यायचो. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

चाचीनं पेशावरला टाकलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही, तिथले सगळेच निघून गेले होते. पत्र आलं ते त्या फोननंतर सव्वा वर्षानं, जर्मनीतून, उर्दूत, आणि अप्पांच्या नावानं. अप्पांची शाळा निजामाच्या वेळची, त्यांना उर्दू वाचता यायचं. त्यांनी दुकानातून येऊन चष्मा लावला, चाचीला आणि गुरमीतला अंगणात बसवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. मी दारात उभा होतो. मोहतरम भाईसाहेब, आपण मला ओळखत नाही. माझी बायको आणि मुलगी काही दिवस आपल्या आसऱ्याला होत्या. त्या पुढं कुठं गेल्या, आपल्याला काही ठाऊक असेल तर या गरिबाला कळवा. दिल्लीला लिहिलेली पत्रं परत आली, मी सगळीकडं शोधलं. पेशावरहून मी फोन केला होता, तेव्हा एका मुलानं सांगितलं की त्या निघून गेल्या.

तिथं अप्पा थांबले. कागदावरून नजर काढली नाही, पण पुढचं वाक्य काही येईना. अव्वा म्हणाली, “आपल्या घरातून असं कोण सांगितलं असंल?” आमच्या घरात मुलगा मी एकटा.

तोंड उघडायला तेवढीच जागा होती, आणि ती मोठी होती. मी उघडलं नाही. आणि हरबन्सचाची, सव्वा वर्षानं नवरा जिवंत असल्याचं ऐकून जिच्या डोळ्यांतून धार लागली होती, ती ओढणीनं तोंड पुसत म्हणाली, “राँग नंबर लगा होगा, भाईसाब. उस टाइम लाइन ही खराब थी. आपके घर में ऐसा कौन बोलेगा?”

अप्पांनी पुढचं वाचून संपवलं, पत्राची घडी घालून तिच्या हातात दिली आणि दुकानाकडं निघून गेले. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पुढं पंचवीस वर्षांत त्यांनी मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही.

प्रीतमसिंगांचे कागद तिकडं अडकले, बाहेर पडले तर परत घेणार नाहीत अशा अवस्थेत. यांना तिकडं जाता येईना, त्यांना इकडं येता येईना. दर रविवारी फोन यायचा आणि मी चाचीला आणायला पळायचो. गुरमीतचं लग्न झालं तेव्हाही ते फोनवरच होते. मुदखेडचा मुलगा, रेल्वेत नोकरी, इथलाच शीख, आमच्यासारखंच मराठी बोलणारा. शिखांच्या लग्नात नवऱ्याच्या खांद्यावरच्या शेल्याचं टोक मुलीचा बाप मुलीच्या हातात देतो. बाप नव्हता. चाचीनं अप्पांना उठवलं. अप्पा, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला बांधलेला केशरी रुमाल, ते टोक घेऊन पुढं झाले. गुरमीतनं ते धरलं आणि खाली मान घातली. बाहेर आल्यावर अप्पा माझ्याजवळ येऊन टेकले. म्हणाले, “हे काम दुसऱ्याचं होतं, बसू. मला लई जड गेलं.” त्याच मांडवात चाची दिल्लीच्या नातेवाइकांना माझा दंड धरून दाखवत होती: हाच तो मुलगा, फोनजवळ बसणारा. एका म्हाताऱ्यानं मला पेढा भरवला.

दोन वर्षांनी कागद मोकळे झाले आणि प्रीतमसिंग आले ते कायमचे. पाठ वाकलेली, आवाज मात्र तोच. गुरमीतचा मुलगा त्यांच्याकडं जाईना. चाचीसोबत त्यांना अकरा वर्षं मिळाली, फळीचं चांगलं हॉटेल झालं, अप्पांशी उर्दूत गप्पा मारत दोघं संध्याकाळी ओट्यावर बसायचे. मला ते ‘बेटा’ म्हणायचे. ते गेले, अप्पा गेले, अव्वा गेली.

हरबन्सचाची आहे. दोन गल्ल्या सोडून राहते, कानांना ठीक ऐकू येतं, आणि मराठी तिला आता माझ्याएवढंच कळतं. त्या घरानं मला वाढवलं, तिनं मला वाचवलं, आणि मी आयुष्यभर दोघांचं कौतुक फुकट खाल्लं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतली आता ती आणि गुरमीत दोघीच उरल्यात. तो फोन प्रीतमसिंगांचा होता, तो मी उचलला होता आणि तू पंधरा पावलांवर होतीस, हे मी तिला तिच्यासमोर बसून सांगणं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.